जुंपून बघितल्याशिवाय पैसे नाहीत!

पौष पौर्णिमा जवळ आली की आमच्या मुरबाड तालुक्यात एकच विषय असतो, म्हसा गावची जत्रा! घोंगड्या, भांडी, मिठाई, पाळणे असं सगळं असतं तिथे. पण या जत्रेचा खरा लौकिक गुरांच्या बाजारासाठी. लहानपणी मी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मागे लागून तिथे जायची. मला जिलबी हवी असायची, आप्पांना बैल.

आप्पांची बैल घेण्याची रीत ठरलेली होती. आधी लांबून बघायचं. मग जवळ जाऊन तोंड उघडून दात बघायचे. आदत आहे, दोन दाती आहे, की जुळलेला? मग खूर, मग मान, मग पाठीवर थाप. विकणारा तोवर कंटाळून म्हणायचा, "अहो, समोर दिसतोय की! काय देखणा हाय!" त्यावर आप्पांचं एकच उत्तर, "देखणा हाय ते मला पण दिसतंय. जुंपून दाखव. जुंपल्याबिगर पैका मोजायचा नाय."

आता तुम्ही म्हणाल, बैलाचा आणि लॅपटॉपचा काय संबंध? सांगते. आप्पांचं ते वाक्य मी एकदा विसरले आणि बारा बायकांचे पैसे पाण्यात जायची वेळ आली, एवढा संबंध आहे.

आमचा बारा जणींचा बचत गट आहे. तांदळाचे पापड, घरगुती मसाले, नाचणीचं पीठ असं करून विकतो. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे हिशेब लिहिणं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. मासिक बचत, आतल्या आत दिलेली कर्जं, त्यांचं व्याज, मालाची उधारी… वह्यांवर वह्या भरायला लागल्या. तेव्हा २०२२ साली सगळ्यांनी मिळून ठरवलं, गटाचा एक लॅपटॉप घेऊ या. नवा परवडणारा नव्हता. जुना, वापरलेला घ्यायचा ठरला.

दुकानात गेलो. लॅपटॉप चकाचक पुसून ठेवलेला. साडेअकरा हजार रुपये! मी विचारलं, "आत काय काय आहे?" "सगळं आहे ताई, विंडोज टाकलंय, ऑफिस टाकलंय, घरी नेऊन नुसतं सुरू करा." आम्ही तिघी गेलो होतो. तिघींनी माना डोलावल्या आणि पैसे मोजले. दात कुणी बघितले नाहीत.

चार-सहा महिन्यांत पडद्याच्या कोपऱ्यात एक पुसट मजकूर येऊन बसला. म्हणजे आतलं विंडोज पैसे भरून घेतलेलं नव्हतं, कुणाची तरी कॉपी होती. तिकडे दुर्लक्ष केलं. मग एकदा एक फॉर्म भरायला बाजारात पेनड्राइव्ह नेला, तो परत आणून लॅपटॉपला लावला आणि त्याच्याबरोबर व्हायरस घरात आला. आठ महिन्यांच्या हिशेबाची फाइल उघडेचना. चार दिवसांवर बँकेचे साहेब येणार होते, गटाच्या कर्जासाठी.

त्या रात्री मी बारा जणींची पासबुकं गोळा करून आणली आणि पहाटे चारपर्यंत बसून सगळं पुन्हा वहीत उतरवलं. एका जागी दोनशे चाळीस रुपयांचा फरक राहिला तो राहिलाच. कर्ज मिळालं. पण दुसऱ्या दिवशी बैठकीत आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी एवढंच म्हणाल्या, "वही कशी, भिजली तरी वाचता यायची." ते वाक्य मला फार लागलं.

फुकट? मग त्यात काहीतरी गोम असणार!

माझा भाचा कल्याणला इंजिनीअरिंगला आहे. तो सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "मावशी, कॉपी केलेलं विंडोज कशाला वापरतेस? लिनक्स टाकून देतो. अगदी कायदेशीर आणि एक रुपया लागणार नाही."

फुकट म्हटल्यावर मला शंकाच आली. तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला शेतीच्या भाषेत समजलं. पूर्वी आमच्याकडे भाताचं बियाणं घरचं असायचं. एकीकडचं चांगलं निघालं तर शेजारीण पायली दोन पायली मागून न्यायची, पुढच्या वर्षी तिच्या खाचरातलं आपण आणायचं. बियाणं कुणाच्या मालकीचं नाही आणि सगळ्यांचं आहे. दुकानातलं संकरित बियाणं मात्र दर वर्षी विकत घ्यायचं. विंडोज हे दुकानातलं बियाणं आणि लिनक्स हे घरचं. कुणीही घ्यावं, पेरावं, त्यात सुधारणा करावी आणि दुसऱ्याला द्यावं. यालाच मुक्त सॉफ्टवेअर किंवा ओपन सोर्स म्हणतात. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने त्याचा गाभा लिहायला घेतला, आणि नंतर जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आपल्या हातातल्या ॲन्ड्रॉइड मोबाइलच्या पोटातही तोच गाभा आहे, हे ऐकून तर मी चाटच पडले.

मराठीचं काय, ही माझी पुढची काळजी. तीही मिटली. २००० नंतरच्या काळात मुंबईतल्या व्हीजेटीआयचे प्राध्यापक जितेंद्र शहा आणि त्यांचा इंडिकट्रान्स हा गट लिनक्स मराठीत आणण्यासाठी झटत होता. 'लोहित' हा मोफत देवनागरी फॉन्ट रेड हॅट या कंपनीने खुला केला, 'मुक्ता' हा देखणा फॉन्ट मुंबईच्या एक टाइपने. इनस्क्रिप्ट कळफलक आयताच असतो, आणि लिबर ऑफिसमध्ये मेन्यूसुद्धा मराठीत करून घेता येतात.

झालं! भाच्याने तासाभरात लिनक्स टाकलं. लॅपटॉप नव्याने बाळंत झाल्यासारखा हलका होऊन पळायला लागला. मी खूश. आणि मग लक्षात आलं की वायफाय दिसतच नाही.

ड्रायव्हर नाही म्हणजे काय?

"मावशी, ड्रायव्हर नाही याचा," भाचा डोकं खाजवत म्हणाला. मी म्हटलं, "अरे, याला गाडी कुठाय, ड्रायव्हर कशाला हवा?" तर ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. लॅपटॉपच्या आत कॅमेरा, स्पीकर, वायफाय असे वेगवेगळे भाग असतात आणि ते वेगवेगळ्या कंपन्या बनवतात. प्रत्येकाची भाषा वेगळी. लिनक्सला त्या भागाशी बोलायचं तर मध्ये दुभाषा हवा. ज्या कंपन्या आपल्या भागाची माहिती खुली करतात, त्यांचे दुभाषे लिनक्समध्ये आधीच बसलेले असतात. ज्या कंपन्या माहिती झाकून ठेवतात, त्यांच्या भागापुढे लिनक्स मुक्याने उभं राहतं. आमच्या लॅपटॉपमधली वायफायची चिप त्या दुसऱ्या प्रकारातली निघाली. तिचा दुभाषा इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता, आणि इंटरनेटसाठी तर वायफाय हवं होतं! तेल आणायला अंधारात जायचं तशी गत.

त्यावर एक युक्ती मात्र आहे, ती लिहून ठेवा. मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करायचं. मोबाइलचं इंटरनेट वायरीतून लॅपटॉपला मिळतं. तसं करून भाच्याने वायफाय चालू केलं. पण पंधरा दिवसांनी लिनक्सचं अपडेट आलं आणि वायफाय पुन्हा गप्प. पुन्हा भाचा, पुन्हा वायर.

दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, "तुम्ही विंडोज काढलंत, आता माझी जबाबदारी नाही." तसं त्याचंही खोटं नव्हतं. त्याने मला लिनक्ससाठी लॅपटॉप विकलाच नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं. त्या महिन्याच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही, पण चहाचे कप नेहमीपेक्षा लवकर विसळले गेले. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "गटाचे पैसे मी माझ्या पापडाच्या पैशातून भरून देते." हे म्हणाले, "पैसे भरशील गं, पण चूक कुठे झाली ते शोध आधी."

भांडण सुरू झालं ते प्रिंटरपायी

शोधायला लागले तेव्हा कळलं की या दुखण्यावर रडणारी मी पहिली नाही. हे सगळं मुक्त सॉफ्टवेअरचं प्रकरण सुरू झालं तेच मुळी एका प्रिंटरपायी! १९८०च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर काम करायचा. तिथला प्रिंटर वरचेवर अडकायचा. जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम हाताशी होता, म्हणून त्याने त्यात बदल केला होता. कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्याला तसा निरोप जायचा. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा प्रोग्रॅम कंपनीने दिला नव्हता. मागूनही मिळाला नाही. यंत्र आपल्या दारात, बिघाड आपल्याला दिसतोय, दुरुस्ती आपल्याला येतेय, तरी हात लावता येत नाही! ही चीड त्याच्या मनात राहिली आणि १९८३ मध्ये त्याने 'जीएनयू' या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली. आज आपण ज्याला नुसतं लिनक्स म्हणतो, त्यात अर्धा संसार या जीएनयूचा आहे.

दुसरी गोष्ट तर अगदी आमच्या शेजारची. आमच्या तालुक्याला लागून रायगड जिल्ह्यातला कर्जत तालुका. तिथल्या खैराट धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' हा एमआयटीच्या निकोलस नेग्रोपाँटी यांनी मांडलेला जागतिक प्रकल्प. २००६ मध्ये आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने त्याला नकार दिला होता. पण पुढच्याच वर्षी त्याचा भारतातला पहिला प्रयोग या धनगरवाड्यावर झाला. एक गुरुजी, पहिली ते चौथीची वीस-बावीस मुलं आणि प्रत्येकाच्या हातात लॅपटॉप!

त्या लॅपटॉपचं नाव 'एक्सओ'. आत फेडोरा लिनक्स आणि मुलांसाठी केलेला 'शुगर' नावाचा पडदा. त्याची ताकद आजच्या साध्या मोबाइलपेक्षाही कमी, २५६ एमबी मेमरी आणि साठवायला १ जीबी. पण मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो लॅपटॉप आधी बनवून मग त्यात लिनक्स कोंबलेलं नव्हतं. लिनक्स चालवायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि त्याप्रमाणे भाग निवडले होते. उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कळफलक, कमीत कमी वीज. आणि एवढं करूनही वायफायच्या चिपच्या आतला प्रोग्रॅम बंदच राहिला! जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यावरून टीकेची झोड उठवली होती. म्हणजे जे लोक लॅपटॉप मुळापासून बनवत होते, त्यांनाही वायफायने चकवलं. मग आम्हा पापडवाल्या बायकांची काय कथा?

तो प्रकल्प पुढे आटोपला. पण मला माझी चूक कळली. लिनक्स वाईट नव्हतं, लॅपटॉपही वाईट नव्हता. दोघांची पत्रिका न बघता लग्न लावलं होतं, एवढंच.

पेनड्राइव्ह घेऊन बाजारात

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. घरगुती वापरासाठी आणखी वर्षभराची मुदत वेगळी नोंदणी करून ठेवली, पण पुढे विंडोज ११ घ्या, असं सांगणं. आणि विंडोज ११ साधारण २०१७च्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. मग शहरातल्या ऑफिसांतले धडधाकट लॅपटॉप जुन्या बाजारात यायला लागले. शहराने मोडीत काढलेला बैल आमच्याकडे अजून पाच वर्षं नांगर ओढेल, असं आमचं गणित. गटाचा व्याप वाढला होता, दुसरा लॅपटॉप हवाच होता. पण बैठकीत अट पडली, "या वेळी बघून घ्यायचा."

मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण गाठलं. बरोबर भाचा, आणि माझ्या पर्समध्ये आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह. त्यात लिनक्स भरून ठेवलेलं. ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे मैत्रिणींनो, म्हणून नीट सांगते. लिनक्स लॅपटॉपमध्ये न टाकतासुद्धा नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. मोफत डाउनलोड करायचं, 'रुफस'सारख्या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवायचं. दुकानात पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यातली त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबायची आणि पेनड्राइव्ह निवडायचा. दोन-तीन मिनिटांत लिनक्स समोर. लॅपटॉपमधल्या विंडोजला धक्काही लागत नाही. पेनड्राइव्ह काढला की सगळं पूर्ववत. म्हणजे बैल गाडीला जुंपून चार पावलं चालवून बघण्यासारखंच की!

पहिला दुकानदार म्हणाला, "असलं काही लावायचं नाही." आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. दुसरा म्हणाला, "आधी पैसे द्या, मग काय ते लावा." मला हसूच आलं, आप्पा असते तर! तिसरा तरुण मुलगा होता. तो म्हणाला, "काकू, बघा ना. मलाही कळेल कशावर चालतं ते."

त्याच्याकडे एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप होते. पहिल्यावर वायफाय आलं नाही, दुसऱ्यावर आलं! तेव्हा समजलं, की वरचं नाव एक असलं तरी आतली वायफायची चिप वेगवेगळी असू शकते. एका गोठ्यातले दोन बैलसुद्धा सारखे नसतात. म्हणून मॉडेलचं नाव वाचून किंवा कुणी सांगितलं म्हणून घेऊ नका. जो घरी न्यायचा, तोच जुंपून बघा.

आम्ही दुकानात काय काय तपासलं, ते क्रमाने देते. कात्रण काढून ठेवलंत तरी चालेल.

• वायफाय: आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून जोडून बघा. इंटेलचं वायफाय लिनक्सवर बहुतेक वेळा विनातक्रार चालतं. बाकीच्यांचं चालतं किंवा चालत नाही, म्हणून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. ब्लूटूथही त्याच वेळी बघून घ्या.

• आवाज आणि कॅमेरा: एखादं गाणं लावा, माइकवर बोलून पुन्हा ऐका, कॅमेऱ्यात स्वतःला बघा. जुन्या लॅपटॉपचे कॅमेरे सहसा चालतात. अगदी नव्या, पातळ, महागड्या लॅपटॉपपैकी काहींचे कॅमेरे मात्र लिनक्सवर त्रास देतात.

• झाकण: झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा. लॅपटॉप झोपेतून नीट जागा झाला पाहिजे. काही जागेच होत नाहीत, काही झोपतच नाहीत आणि पिशवीत तापत राहतात.

• पडदा आणि कळा: उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा, आवाजाच्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं हे सगळं करून बघा. मराठी कळफलक निवडून चार ओळी लिहा.

• ग्राफिक्स: हिशेब, पत्रं, ऑनलाइन फॉर्म यांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. इंटेल किंवा एएमडीचं आतलंच ग्राफिक्स पुरतं आणि त्यांचे दुभाषे खुले आहेत. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर जास्तीची खटपट करावी लागू शकते. त्या कंपनीने आपल्या दुभाष्याचा एक भाग २०२२ मध्ये खुला केला, पण तो नव्या कार्डांसाठी.

• मेमरी आणि डिस्क: ८ जीबी मेमरी आणि एसएसडी डिस्क असेल तर उत्तम. ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटचं 'एक्सएफसीई' हे हलकं रूप वापरा. डिस्क दिसतच नसेल तर घाबरू नका, काही लॅपटॉपमध्ये सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये एक बदल करावा लागतो. जाणकाराला विचारा.

• बॅटरी: आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. बॅटरी मूळच्या किती टक्के उरली आहे हे लिनक्सच्या पॉवर सेटिंगमध्ये बहुधा दिसतं. चार्जर काढून दहा मिनिटं चालवाच.

• प्रिंटर: घरी प्रिंटर असेल तर त्याचंही नाव आधी तपासा. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरना लिनक्सचा खुला दुभाषा आहे. वायफायवर थेट मोबाइलवरून छापणारे नवे प्रिंटरही सहसा लिनक्सवर चालतात.

आणि नवाकोरा घ्यायचा असेल तर? मग आपल्याकडे काही लॅपटॉप विंडोजशिवाय, 'डॉस' किंवा 'उबंटू' असं लिहून मिळतात ते बघा. उबंटू बनवणारी कॅनॉनिकल ही कंपनी डेल, एचपी, लेनोवोची ठरावीक मॉडेल तपासून त्यांची यादी करते. डेलने तर अमेरिकेत २००७ पासूनच उबंटू घातलेले संगणक विकायला सुरुवात केली होती. मात्र कालच बाजारात आलेलं मॉडेल शक्यतो टाळा. त्याच्या भागांचे दुभाषे लिनक्समध्ये पोचायला थोडा वेळ लागतो. वर्षभर जुनं मॉडेल बरं, दरही उतरलेला असतो.

सगळं गोड नाही

खोटं कशाला सांगू? काही गोष्टी लिनक्सवर जमत नाहीत. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहे. बोटाचा ठसा घेऊन लॅपटॉप उघडणारी बटणं बऱ्याचदा चालत नाहीत. आधारसाठी अंगठा घेणारी यंत्रं बहुधा विंडोज किंवा ॲन्ड्रॉइडलाच जोडायची असतात. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं नुसती उघडली तर अगम्य अक्षरं दिसतात, ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. ज्या मैत्रिणीचं काम या गोष्टींवर अडतं तिने पैसे भरून विंडोज घ्यावं, त्यात कमीपणा नाही. आपलं काम काय, हे ठरवून मग बैल निवडायचा. शर्यतीचा वेगळा, नांगराचा वेगळा.

आमचं काम मात्र नांगराचं. तिसऱ्या दुकानातला तो दुसरा लॅपटॉप सोळा हजारांना घेतला, सहा महिन्यांच्या लेखी हमीसकट. पावतीवर मी मुद्दाम लिहून घेतलं, 'लिनक्सवर चालवून दाखवला.' तो मुलगा हसला, पण त्याने लिहून दिलं. हिशेब आता लिबर ऑफिसमध्ये आहे. दर शनिवारी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि महिन्याअखेर छापून फाइलमध्ये. वही भिजली तरी वाचता यायची, हे आजींचं वाक्य मी विसरलेले नाही.

आणि पहिला लॅपटॉप? तो टाकला नाही. भाच्याने लिनक्सला ओळखीची चिप बघून नखाएवढं एक यूएसबी वायफाय आणलं, काहीशे रुपयांत काम झालं. त्यावर आता गटातल्या बायकांच्या मुली संध्याकाळी मराठी टायपिंग शिकतात. दोघींनी तर त्याच लॅपटॉपवर बसून स्वतःच्या अकरावीच्या प्रवेशाचे फॉर्म भरले. मला पैसे भरून द्यावे लागले नाहीत. पण बारा जणींचा विश्वास परत मिळायला मात्र दुसरा लॅपटॉप लागला.

तो लॅपटॉप घेऊन मी बैठकीला गेले तेव्हा आजी कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. नुसतं विचारलं, "या खेपेला दात बघितलेस का गं?"

म्हटलं, "बघितले आजी. जुंपूनसुद्धा बघितला."

"मग ठेव इथे," म्हणाल्या, आणि लसणाचं सूप बाजूला सरकवून त्यांनी लॅपटॉपला जागा करून दिली.